खळ्यातली लंका

पालघरच्या कचेरीसमोर बसून अर्ज, प्रतिज्ञापत्रे आणि निवेदने लिहिण्याचा व्यवसाय मी अनेक वर्षे करीत आहे. माझ्या टेबलापुढच्या बाकावर किती माणसे बसून गेली याची गणती नाही. कलेक्टर कचेरी नव्या इमारतीत गेली, साहेब बदलले, टाइपरायटरची जागा संगणकाने घेतली. परंतु माझ्या मसुद्यावर माझ्यासमोर बोट ठेवण्याचे धाडस आजवर एकाच व्यक्तीने केले. त्याच व्यक्तीचे उपकार माझ्या घरावर सर्वांत अधिक आहेत. त्या केळव्याच्या होत्या. सगळे त्यांना काकी म्हणत, मीही काकीच म्हणत असे. काकी आता नाहीत. त्यांच्या वाडीतल्या, पर्यटकांना भाड्याने द्यायच्या दोन खोल्या आता पुतण्या चालवतो. त्याने रंग दिला आहे, पाटी लावली आहे, आणि पाहुण्यांना तो काहीही विचारीत नाही. काकी असत्या तर त्यांना हे अजिबात पटले नसते.

त्यांची व माझी पहिली भेट पासपोर्टच्या निमित्ताने झाली. त्यांच्या जन्माची नोंद कुठेच नव्हती, सबब प्रतिज्ञापत्र करणे भाग होते. मी रीतीप्रमाणे मसुदा तयार केला आणि त्यांना वाचून दाखवला. त्यांनी तो डोळे मिटून ऐकला.

"संपलं?" त्यांनी विचारले.

"संपलं. आता इथं सही."

"मी जन्मले, येवढंच सांगायचं ना सरकारला?"

"हो, पण कायद्याच्या भाषेत सांगावं लागतं, काकी."

"दीड पान? अरे, माझ्या आईला बाळंत व्हायला येवढा येळ लागला नव्हता!"

बाकावरची सगळी माणसे हसली. माझे शिक्षण नववीपर्यंतच झाले असले तरी माझ्या भाषेपुढे भलेभले वकील मान डोलवतात, हे मी त्यांच्या निदर्शनास आणून दिले. त्यावर त्या म्हणाल्या, "डोलवू देत. मना नारळ डोलताना बगायची सवय हाय." आणि सही करून निघाल्या. जाता जाता मी विचारले, या वयात पासपोर्ट कशासाठी?

"लंकेला जायचंय."

"यात्रा आहे का?"

"नाय. एक माणूस काय बोलला, ते खरं का खोटं ते बगायला."

तो माणूस म्हणजे बोईसरच्या एका कारखान्यात यंत्र बसवायला आलेला श्रीलंकेचा इंजिनिअर. एका रविवारी तो केळव्याचा समुद्र पाहायला आला आणि काकींच्या खोलीवर उतरला. सकाळी उठून वाडीत आला, नारळ-सुपारीची झाडे पाहिली आणि उभ्या जागी रडू लागला. मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाला, आमचे घर असेच आहे, फक्त आमचा शहाळ्याचा नारळ केशरी रंगाचा असतो आणि तुमच्यापेक्षा गोड असतो. रडणे काकींनी समजून घेतले. गोडीचे मात्र त्यांच्या जिव्हारी लागले. ज्या बाईने डहाणूपलीकडे कधी पाऊल टाकले नव्हते, ती केवळ एका शहाळ्याची शहानिशा करण्यासाठी समुद्र ओलांडून गेली. परत आल्यावर त्यांनी निकाल दिला तो असा: "माणूस खरा होता. नारळ केशरी हाय. गोडीत मात्र आपलाच."

त्यानंतर त्या पुन्हा गेल्या, आणि पुन्हा गेल्या. दुसऱ्या कोणत्याही देशात त्या गेल्या नाहीत, किंबहुना मुंबईसुद्धा त्यांनी धड पाहिली नाही. कुणी सिंगापूरचे नाव काढले तर म्हणत, "एक बेट अजून पुरं बगून झालं नाय, दुसऱ्याकडं कशाला डोळा?"

शनिवार-रविवारी मुंबईहून जे पाहुणे उतरत, त्यांची मात्र सुटका नसे. चहाचा कप हातात देतानाच प्रश्न येई, "लंकेला गेलाय का?" गेलो आहोत म्हटले तर उलटतपासणी होई, नाही म्हटले तर शिकवणी. समुद्रात डुंबायला आलेली माणसे दुपारपर्यंत काकींच्या खळ्यात उकिडवी बसलेली मी स्वतः पाहिली आहेत.

खळे म्हणजे घरामागचे सारवलेले अंगण, जिथे सुपारी वाळत घालतात. तिथे एका कोपऱ्यात काकी खडूने लंकेचा नकाशा काढीत. आकार कैरीसारखा, देठ वरच्या बाजूला. मध्यभागी दोन करवंट्या पालथ्या ठेवीत, ते डोंगर. मग पाहुण्याला विचारीत, "किती दिवस हायत?" जितके दिवस, तितक्या सुपाऱ्या त्याच्या ओंजळीत टाकीत. "आता ठेव. जिथं राहायचंय तिथं एकेक ठेव." पाहुणा मोठ्या उत्साहाने सगळीकडे एकेक सुपारी ठेवी. त्याचे ठेवून झाले की काकी अडकित्ता उघडीत. एका गावाहून दुसऱ्या गावी जाण्यात ज्या दिवसाचा चुराडा होणार, त्या दिवसाची सुपारी त्या उचलीत, कातरीत आणि तोंडात टाकीत.

"अहो काकी, हे काय?"

"हा दिवस गेला. गाडीत गेला."

"पण अंतर तर फारसं नाही. मी मोबाइलवर पाहिलंय."

"तुझ्या मोबाइलला घाट चढायला लागतो काय? तिथला रस्ता अरुंद, बस म्होरं, टुकटुक मागं. सकाळी निघशील आन तिसऱ्या प्रहरी पोचशील. आंग आंबलेलं असंल. मग काय बगशील, कपाळ?"

निम्म्या सुपाऱ्या अशा रीतीने काकींच्या गालात गेल्या की पाहुण्याच्या लक्षात येई, की दहा गावांची सहल म्हणजे दहा बसस्थानकांची सहल. मग तो मुकाट्याने गावे कमी करी. ही पद्धत मी अनेक सुशिक्षितांना सांगितली आहे आणि ती कुणालाही चुकीची ठरवता आलेली नाही.

बाकीच्या सूचना त्या सुपारी चघळता चघळता देत. देवळात जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. पायातले बाहेर काढावे लागते आणि दुपारी फरशी तव्यासारखी तापते, म्हणून पिशवीत जाड मोजे ठेवावेत, मोज्यांना कुणी हरकत घेत नाही. बुद्धाच्या मूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नये, त्यांना तो अपमान वाटतो. टुकटुकमध्ये, म्हणजे तिथल्या रिक्षात, बसण्यापूर्वी भाडे ठरवावे, बसल्यावर नव्हे. डोंगरातल्या आगगाडीचे आरक्षण खिडक्या उघडणाऱ्या डब्यातले घ्यावे, आणि आधीच घ्यावे, कारण ते पाहता पाहता संपते. गारेगार डब्याच्या काचा बंद असतात, "मग डोंगर काय टीवीवर बगायचे?" रानात जळवा लागतात, तेव्हा मीठ जवळ असू द्यावे. जाण्यापूर्वी पंचांग पाहावे, कारण तिथे दर पौर्णिमेला सुट्टी असते आणि दारू-मटण मिळत नाही. "दारूवाल्यांनी चतुर्थीला जावं," असे त्या गंभीरपणे सांगत.

त्यांचे सर्वांत मोठे यश मी दांडीच्या बायकांच्या बाबतीत पाहिले. दांडी हे तारापूरच्या किनाऱ्यावरचे मच्छीमारांचे गाव. तिथल्या पाचसहा बायकांच्या मनात एकदा विमानात बसायचे होते. त्या अगोदर माझ्याकडे पासपोर्टसाठी आल्या आणि मग मी त्यांना काकींकडे नेले. अडचण अशी की पावसाळ्यात मासेमारी बंद होऊन होड्या वर ओढल्या जातात, तेवढ्याच दिवसांत त्यांना सवड. इतर वेळी मासळी सोडून कोण जाईल? आणि ज्या ज्या सहलवाल्याला विचारले, त्याने पावसात लंकेला जाऊ नका असेच सांगितले होते.

त्यांची म्होरकी एक धिप्पाड बाई होती. ती म्हणाली, "काकी, आमचा तर हिरमोडच झालाय. पावसाबिगर आमाला सुट्टी नाय, आन सुट्टीत तिकडं पाऊस."

काकींनी खडू घेऊन कैरीच्या डाव्या कडेला आडव्या रेघा ओढल्या. "पाऊस या अंगाला. मावळतीच्या. तो आपलाच पाऊस, आपल्याकडं येतो तोच. मधी डोंगर हायत, ते अडवतात त्याला. उगवतीच्या किनाऱ्याला त्या दिवसांत लख्ख ऊन. तिकडं जावा. त्रिंकोमाली."

"आन तिकडं पाऊस कवा?"

"तुमी बोंबील वाळवायला घालता ना दिवाळीच्या सुमाराला? तवा. तवा तुमाला मरायला सवड नाय, मग त्याची फिकीर कशाला?"

म्होरकीने मांडीवर थाप मारली. "बगा गं! आन हे एजंट आमाला शाणपण शिकवतात!" मग तिने हळूच विचारले, "सुके बोंबील नेले तर चालतील?"

"त्यांच्याकडं बी सुकी मासळी हाय. पण न्यायचीच असंल तर आदी विचारून घे, लपवून नेऊ नको. आन नीट बांध. नायतर इमानातली माणसं खिडक्या उगडायला सांगतील."

त्या बायका गेल्या आणि आल्या. मी मोठ्या उत्सुकतेने विचारले, काय काय पाहिले? तेव्हा असे निष्पन्न झाले की निम्म्याहून अधिक वेळ त्या तिथल्या मासळीबाजारातच होत्या. भाषा येत नसताना एका कोळणीशी सुरमईच्या भावावरून त्यांनी सकाळभर हुज्जत घातली होती, शेवटी तिच्याच घरी जेवल्या होत्या, आणि निघताना दोन्हीकडच्या बायका रडल्या होत्या. देऊळ पाहिले का, तर होय, लांबून. मला हे वाया गेल्यासारखे वाटले व मी तसे बोलून दाखवले. काकी म्हणाल्या, "आजवर मी पाठवलेल्यांत ह्याच खऱ्या फिरून आल्या."

आता माझ्या घराविषयी.

माझ्या पत्नीचे पोटाचे मोठे ऑपरेशन झाले आणि त्यानंतर बराच काळ मुंबईच्या इस्पितळात उपचार चालले. ईश्वरकृपेने ती त्यातून उठली. डॉक्टरांनी तपासण्या पाहून सांगितले, आता काळजीचे कारण नाही, हिंडाफिरायला हरकत नाही. परंतु घरी जी परत आली ती माझी पत्नी नव्हे असे मला वाटू लागले. पूर्वी ती माझ्या प्रत्येक वाक्याला आक्षेप घेत असे. आमटीत मीठ किती यावरून आमचे वाद आळीत ऐकू जात. आता काही विचारले की एकच उत्तर, "तुम्ही म्हणाल तसं." कोणती भाजी आणू, कोणती साडी काढू, पंखा लावू की बंद करू, सगळ्याला तेच. रडत नसे, तक्रार करीत नसे, नुसती बसून राही. मी दिवसभर लोकांच्या मागण्या कागदावर उतरवणारा माणूस. ज्याला काहीच मागायचे नाही, अशा माणसापुढे काय करावे, हे मला उमजेना. ही बाई अशीच हळूहळू विझत जाईल, या भीतीने माझी झोप उडाली होती.

समुद्राची हवा मानवेल म्हणून मी तिला काकींच्या खोलीवर ठेवले. काकींनी दोन दिवस तिला काहीही विचारले नाही, नुसते स्वतःजवळ बसवून सुपारी सोलायला दिली. तिसऱ्या दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हिला लंकेला ने."

"काकी, ती खोलीतून ओट्यावर यायला तयार नाही."

"म्हणून तर. इथं तिला सगळं ठावं हाय, मग मागंल काय? नवीन काय तरी पुढं आलं की जीव आपसूक हात म्होरं करतो."

मग खळ्यात नकाशा झाला. सुपाऱ्या पत्नीच्या ओंजळीत दिल्या. तिने त्या तशाच माझ्या हातात दिल्या. "हे म्हणतील तसं." काकींनी त्या परत घेतल्या. त्यांनी स्वतः सुपाऱ्या मांडल्या: कँडीला थोड्या, आणि राहिलेल्या सगळ्या डोंगरमाथ्यावरच्या हापुताले नावाच्या एका छोट्या गावी. बस्स.

मी याला हरकत घेतली. एवढ्या लांब जायचे आणि बेटाची फेरी पुरी करायची नाही? मी दक्षिणेचा किनारा, गॉलचा किल्ला, कोलंबो, अशी पूर्ण फेरी सुचवली. पालघरला परत आल्यावर दहाजण विचारणार, त्यांना काय सांगायचे?

"हां," काकी म्हणाल्या, "तुला गावागावात शिक्का मारून घ्यायचाय. आवक-जावक."

"तसं नव्हे, परंतु..."

"कर. मी अडवत नाय. मोजे तेवढे घे."

व्हिसाचा ऑनलाइन अर्ज मी स्वतः भरला. भेटीचे प्रयोजन लिहिण्यास दिलेली चौकट माझ्या मते अपुरी होती, तरी मी निभावून नेले. सरकारी संकेतस्थळासारखी हुबेहूब दिसणारी खोटी संकेतस्थळे असतात, हा काकींचा इशारा तिथे कामी आला. प्रवाशांनी याची नोंद घ्यावी.

माघ सरता सरता आम्ही गेलो. मावळतीच्या आणि डोंगरांच्या बाजूला तो कोरडा काळ. कँडीत पत्नी माझ्यामागून चालली, मी दाखवले ते तिने पाहिले. आगगाडीत ती उघड्या खिडकीशी बसली. चहाचे मळे सुरू झाले तेव्हा मी तिला त्यांची माहिती सांगत होतो आणि ती "हं" म्हणत होती. हापुतालेला आम्ही एका घरगुती ठिकाणी उतरलो. खोलीची खिडकी थेट दरीवर. तिथे ढग वरून येत नाहीत. खालून, दरीतून, चढून येतात. पहिल्या दुपारी ते असे आले की क्षणात सगळे झाकले गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दक्षिणेकडे नेणारा ड्रायव्हर दारात येऊन उभा राहिला. मी सामान बांधून तयार होतो. पत्नी खिडकीत बसली होती.

"चल, गाडी आली."

ती हलली नाही.

"अगं, ऊन व्हायच्या आत घाट उतरायचाय."

"मी नाही येत," ती म्हणाली.

मला वाटले, प्रकृती बिघडली. मी घाईने जवळ गेलो. "काय होतंय? दुखतंय का?"

"काही दुखत नाही. काल ढग आले नि अर्धंच दिसलं. त्या समोरच्या मळ्यात बायका आहेत, त्यांतली एक सगळ्यांना ओरडत होती. बहुतेक मुकादमीण. पुढं काय झालं ते दिसलंच नाही. मला पुरं बघायचंय."

"पण गॉल..."

"तुम्ही जाऊन या."

इतक्या महिन्यांत तिने इतकी वाक्ये सलग उच्चारली नव्हती. मी गोंधळलो. बाहेर ओट्यावर येऊन काकींना फोन लावला. मागे कावळ्यांचा आवाज येत होता, म्हणजे त्या खळ्यातच होत्या. मी सर्व वस्तुस्थिती क्रमवार कथन केली.

"ती काय म्हणाली? परत सांग," काकी म्हणाल्या.

मी परत सांगितले.

"मग मना कशाला फोन केलास?"

"काकी, सगळी व्यवस्था आधीच झाली आहे. ड्रायव्हर उभा आहे. आणि मुख्य म्हणजे फेरी अर्धवट राहते. एवढं येऊन अर्ध्यातून मागं फिरायचं?"

पलीकडे अडकित्ता वाजला. "अर्जवाल्या, तू महादेवाला जातोस ना?"

"दर सोमवारी."

"प्रदक्षिणा कशी घालतोस?"

"अर्धीच. पन्हळीतून तीर्थ वाहतं, ते ओलांडायचं नसतं. तिथवर जायचं आणि आल्या वाटेनं परत."

"मग गुरव तुला म्हणतो काय, तुझी प्रदक्षिणा अपुरी राहिली म्हणून?"

गुरवाने तसे कधीच म्हटलेले नाही, हे मला कबूल करावे लागले. माझ्या व्यवसायात हे क्वचित घडते.

"बायको खिडकीत बसलीय ना? तिथं तुझी पन्हळ आली. ओलांडू नको. जा, दोघांना चहा सांग."

मी ड्रायव्हरला परत पाठवले. राहिलेले सगळे दिवस आम्ही त्याच खिडकीत, त्याच उतारावरच्या पायवाटेवर, त्याच छोट्या बाजारात घालवले. पत्नी रोज सकाळी मळ्यापर्यंत चालत जाई. त्या ओरडणाऱ्या बाईशी तिची खाणाखुणांची ओळख झाली. एकदा तर ती मला न सांगता गेली आणि मी तासभर घाबराघुबरा होऊन शोधत राहिलो. सापडली तेव्हा ती एका पायरीवर बसून त्या बाईच्या डब्यातली चटणी चाखत होती आणि नारळ जाडसर वाटला आहे असे हातवारे करून तिला समजावीत होती. मग आल्या गाडीने, आल्या वाटेने आम्ही परतलो. गॉलचा किल्ला मी आजवर पाहिलेला नाही. कचेरीत कुणी विचारले तर मी तसे स्पष्ट सांगतो.

परत आल्यावर आम्ही पहिले केळव्याला गेलो. काकी खळ्यात बसल्या होत्या. मला त्यांनी "ये" एवढेच म्हटले, आणि पत्नीकडे पाहून पाट पुढे सरकवला. "बस बाय. सांग, काय काय बगितलंस?"

पत्नी सांगू लागली. ढग कसे खालून येतात, मळ्यातल्या बायका टोपली डोक्याला पट्टा लावून पाठीवर कशी घेतात, ती मुकादमीण कुणावर का ओरडत होती, तिची चटणी कशी होती आणि कशी असायला हवी होती. सांगता सांगता ती हात हलवीत होती, मधेच हसत होती. ऊन खळ्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला गेले तरी ती थांबेना. एका ठिकाणी तिने त्या गावाची उंची सांगितली, ती माझ्या माहितीप्रमाणे बरोबर नव्हती. श्रोत्यांचा गैरसमज होऊ नये एवढ्याच हेतूने मी म्हणालो, "वास्तविक पाहता समुद्रसपाटीपासून..."

"तुम्ही गप्प बसा हो जरा," पत्नी माझ्याकडे न पाहता म्हणाली. "मी सांगतेय ना?"

काकींनी पदर तोंडाला लावला आणि त्या सुपाऱ्यांच्या ढिगाकडे वळल्या. त्यांचे खांदे हलत होते.

मी गप्प बसलो. सबंध आयुष्यात इतक्या आनंदाने मी कधी गप्प बसलेलो नव्हतो.